गॅलापागोसला बेटावर एकच दिवस मिळणार आहे, कुठलं बेट घ्यावं?

नंदगड_खानापूर

नमस्कार मंडळी. मी नंदगडची. अंगणवाडीत २९ वर्षं काढली, गेल्या वर्षी रिटायर झाले. मुलगा ह्यूस्टनला असतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्हा दोघांना गॅलापागोसला, म्हणजे पॅसिफिक महासागरातल्या इक्वेडोर देशाच्या बेटांवर, नेतो म्हणतोय. इक्वेडोरहून विमानानं बाल्ट्रा बेट, तिथून सांता क्रूझ बेटावर पुएर्तो आयोरा गावात चार रात्री. त्यातला एकच दिवस होडीनं दुसऱ्या बेटावर, गाइडबरोबर. होडीचा दिवस महाग पडतो, म्हणून बाकीचे दिवस गावात आणि आसपास.

त्यानं तीन नावं पाठवलीत: नॉर्थ सेमूर, बार्तोलोमे, इसाबेला. "आई, तू निवड," म्हणतो. फोटोत तिन्ही चांगलीच दिसतात, मी काय निवडणार?

अडचणी सांगते. यांचं वय ६६, उजवा गुडघा धरतो. सौंदत्तीच्या डोंगरावर गेल्या वेळी निम्म्यात बसले. मला गाडी लागते. चोर्ल्याच्या घाटात अजून हातात पिशवी धरून बसते, मग भर समुद्रात काय होईल? आणि आम्ही दोघंही शाकाहारी.

आणखी एक विचारायचं आहे. माझं माहेर जांबोटीकडचं, भीमगडच्या रानाला लागून. लहानपणापासून गवा बघितला तो पाठमोराच. शेकरू चाळीस पावलांवरनं झाड बदलतं. आणि तिथं म्हणे पक्षी माणसाच्या पायाशी बसतात! हे खरं आहे का? एका दिवसात मन भरेल असं काही दिसतं का? गाइड लागतोच, की आपलं आपण फिरता येतं?

निपाणी_पाखरं

मावशी, मी गेलेलो नाही, पण १२ वर्षं घटप्रभेला आणि हिडकलच्या पाण्यावर पाखरं मोजतोय, त्यामुळं वाचून वाचून बरंच पाठ झालंय. मी असतो तर एस्पान्योला बेट घेतलं असतं. वेव्ह्ड अल्बाट्रॉस नावाचा पक्षी, पंख पसरले की सव्वादोन मीटर. जगातले जवळजवळ सगळे त्या एकाच बेटावर अंडी घालतात. मुलाला विचारून बघा की.

गाइड लागतोच. वस्तीची गावं आणि काही मोकळ्या जागा सोडल्या तर पार्कच्या बेटांवर परवान्याच्या गाइडशिवाय पाय ठेवता येत नाही. तिथली ९७ टक्के जमीन नॅशनल पार्कात आहे. बार्तोलोमेवर माथ्यापर्यंत लाकडी पायऱ्या आहेत, साडेतीनशेच्या वर. काकांच्या गुडघ्याला ते नको.

यळ्ळूर_जनावरांचा डॉक्टर

ताई, मी जाऊन आलोय. ऑगस्ट २०२३ मध्ये. मी, बायको, मुलगी, जावई. खानापूर आणि बेळगाव तालुक्यात ३१ वर्षं जनावरांचा डॉक्टर म्हणून हिंडलो. तिथं जे बघितलं ते त्याच नजरेनं बघितलं, तेवढं धरून वाचा.

नॉर्थ सेमूर घ्या. बेट ताटासारखं सपाट आहे. चाल दोन किलोमीटरच्या आसपास, तरी दोन तास लागतात, कारण दर पाच पावलांना थांबणं होतं. वाट मात्र सुट्या दगडांची आहे, यांना काठी द्या. सांता क्रूझच्या उत्तर टोकाच्या इताबाका खाडीपासून होडीनं पाऊण तास. बार्तोलोमेला त्याच खाडीतून दोन तास लागतात. इसाबेलाला स्पीडबोटीत एका बाजूला दोन तासांच्या वर, आणि ती बोट लाटांवर आपटत जाते. ज्याला चोर्ल्यात गाडी लागते त्यानं इसाबेला एका दिवसात करू नये. निपाणीकरांचं अल्बाट्रॉसचं म्हणणं खरं आहे, पण एस्पान्योलाच्या एका दिवसाच्या होड्या सॅन क्रिस्तोबाल बेटावरून सुटतात, तुमचा मुक्काम तिकडं नाही. शिवाय डिसेंबर संपताना ते पक्षी समुद्रावर निघून जातात ते एप्रिलच्या सुमारास परततात. तुमच्या दिवसांचा एक फायदा मात्र आहे. जून ते नोव्हेंबर तिथं थंड वारं आणि खवळलेलं पाणी, डिसेंबरपासून समुद्र शांत होत जातो. उलटीची गोळी होडीत बसायच्या तासभर आधी घ्या, पोटात ढवळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही.

आता तो दिवस सांगतो.

सकाळी सातच्या आत पुएर्तो आयोराहून बसनं निघालो. बस सांता क्रूझचा डोंगर चढून पलीकडं उतरते. माथ्यावर आंबोलीला श्रावणात असतं तसं धुकं, झाडांवर शेवाळ लोंबतंय. उतरायला लागलो आणि दहा-पंधरा मिनिटांत सगळं वाळलेलं, पांढुरकी बिनपानांची झाडं आणि निवडुंग. त्या झाडांना पालो सांतो म्हणतात, जवळ गेलं की धुपासारखा वास येतो.

मोठी होडी बेटाला लागत नाही. रबरी होडीत उतरवतात, तिला तिथं पांगा म्हणतात. ती काळ्या खडकाला नाक लावून उभी राहते. खलाशी हात देतो तो पंजाला नाही, मनगटाला. आपणही त्याचं मनगट धरायचं. वासरू अडलं की ओढताना खुराला धरलं तर हात निसटतो, खुराच्या वरच्या सांध्याला धरावं लागतं. तसंच हे. यांना सांगा, लाट पांग्याला वर उचलते त्या क्षणी खडकावर पाय टाकायचा, पांगा खाली जाताना नाही. गुडघ्याचं सांगून ठेवा, दोन खलाशी दोन्हीकडून धरतात. माझ्या बायकोला तसंच उतरवलं.

तुमच्या खऱ्या प्रश्नाकडं येतो.

आमच्या धंद्यात प्रत्येक जनावराचं एक अंतर असतं. त्याच्या आत पाय टाकला की मान वर, कान ताठ, आणि पुढच्या घटकेला जनावर जाग्यावर नाही. पाळलेला बैलसुद्धा अनोळखी माणसाला बुजतो. इंजेक्शनची पेटी बघून दावं तोडणाऱ्या म्हशी मी बघितल्यात. सेमूरवर मी ते अंतर शोधत होतो आणि मला ते सापडेना. निळ्या पायांची बूबी (समुद्रावरचा पक्षी) वाटेच्या कडेला नव्हती, वाटेतच बसली होती. मी सवयीनं तिचा श्वास मोजला. छाती संथ. पिवळ्या डोळ्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि परत चोचीनं पंख साफ करायला लागली. घाबरलेला पक्षी पंख साफ करत बसत नाही, ताई. मी तिथंच उभा राहिलो आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ३१ वर्षांत एकही रानटी जीव माझ्यासमोर इतका निवांत बसला नव्हता.

त्या बेटांवर मांजर, कोल्हा असलं शिकारी जनावर मुळात नव्हतं, आणि माणूस उशिरा पोचला. पहिली लेखी नोंद १५३५ची आहे. त्यामुळं जमिनीवरनं चालत येणाऱ्याला भ्यायचं असतं हे त्या जिवांत उतरलंच नाही. १९५९ ला पार्क झालं, तेव्हापासून नियमानं ते राखलंय. एका गाइडमागं जास्तीत जास्त १६ माणसं. वाटेबाहेर पाय नाही. प्राण्यापासून दोन मीटर, म्हणजे सहा-साडेसहा फूट. तो आपल्याकडं आला तर मागं आपण सरायचं. फ्लॅश नाही, वाटेवर खाणं नाही. आमची गाइड तिथल्याच बेटावर वाढलेली बाई होती. समुद्रसिंहाचं पिल्लू जावयाच्या बुटाकडं सरपटत आलं तेव्हा तिनं नुसती दोन बोटं हलवून जावयाला मागं घेतलं. आरडाओरडा नाही.

बूबीला काटक्यांचं घरटं नसतं. जमिनीवर खळगा आणि भोवती तिच्याच विष्ठेचं पांढरं वर्तुळ, चुन्यानं आखल्यासारखं. अंडी ती पायांनी उबवते, दोन्ही निळे पडदे अंड्यांवर पसरून. पायांत रक्त खेळतं, त्याची ऊब. तो निळा रंग पोटात जाणाऱ्या ताज्या माशांवर असतो. दोन दिवस उपास घडला तरी पाय फिके पडतात, आणि मादी नर पसंत करताना पायच बघते. आम्ही म्हशीची पापणी उलटून आतला रंग बघतो आणि अंगात रक्त किती ते सांगतो, अगदी तसं.

एका वर्तुळात दोन पिल्लं होती. मोठं पिंजलेल्या कापसासारखं फुगलेलं, लहान त्याच्या निम्म्यानं. मोठं लहानाच्या डोक्यावर टोचत होतं. लहानानं मान जमिनीला लावली होती. आई दोघांवर सावली धरून उभी, पण मध्ये पडत नव्हती. त्या वर्षी एल निनो लागला होता. पाणी तापलं की खालचं थंड, सकस पाणी वर येत नाही आणि मासे कमी होतात. मी वाकलो. हात खरोखरच पुढं गेला. गाइडबाई हळू आवाजात म्हणाली, "डॉक्टर, नाही." मुलीनं तिला माझा धंदा सांगितला होता. मासे भरपूर असते तर दोन्ही वाढली असती, कमी आहेत म्हणून एकच वाढेल, आणि हा हिशोब इथं बूबीनंच करायचा, असं तिनं सांगितलं. ३१ वर्षांत अर्धमेलं जनावर तसंच सोडून मी पुढं गेलो नव्हतो. त्या दिवशी गेलो. ती बाई बरोबर होती असं मला वाटतं, पण ती जमिनीला टेकलेली मान अजून डोळ्यांपुढं येते.

बाकी भरभर सांगतो. फ्रिगेट पक्ष्याचे नर झुडपांवर गळ्याची लाल पिशवी फुगवून बसलेले असतात. त्यांचं पिल्लू वर्षाच्या वर आईवर अवलंबून राहतं. दुपारच्या उन्हात खडकाच्या सावलीला एक गल (कुरव पक्षी) बसलेला असतो, डोळ्याभोवती लाल कडं. रात्री समुद्रावर जाऊन शिकार करणारा गल तो एकच. जमिनीवरचे पिवळट इगुआना (घोरपडीसारखे मोठे सरडे) मूळचे या बेटाचे नाहीत. १९३०च्या दशकात बाल्ट्रावरून आणून सोडले. पुढं बाल्ट्रावरचे संपले, तेव्हा यांच्याच वंशातले १९९१ पासून परत तिकडं नेऊन सोडले. निवडुंगाचं पान खाण्याआधी इगुआना पुढच्या पायानं काटे खरवडतो, ते जरूर बघा.

जेवण होडीवर. आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर भात, मसुराची उसळ, तळलेली केळी मिळते. दुपारी लास बाचास नावाच्या पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यावर नेलं. तिथं समुद्री इगुआना. काळाकभिन्न, पाण्यात बुडी मारून शेवाळ खातो. पोटात गेलेलं जादा मीठ नाकाजवळच्या ग्रंथीतून बाहेर टाकतो. फुस्स असा आवाज येतो आणि तुषार उडतात. सर्दी झालेला बैल शिंकरतो तसं. ते मीठ डोक्यावर वाळून पांढरा टोप झालेला असतो. मी त्याच्यासमोर वाळूवर अर्धा तास बसलो, दोन मीटर सोडून. बाकीचे पोहत होते.

एक चूक आमच्या हातून झाली, ती तुम्ही करू नका. बायको गुडघ्यासाठी रोज भिजवलेली मेथी खाते. इक्वेडोरच्या क्विटो विमानतळावर गॅलापागोसच्या सामानाची वेगळी तपासणी असते, तिथं मेथीदाण्यांची पुडी काढून घेतली. मी जरा वाद घातला, आता वाईट वाटतं. दोन दिवसांनी सांता क्रूझच्या डोंगरावर कासवं बघायला गेलो, तर तिथं पेरूचं रान माजलेलं. आपल्या परसातला पेरू! माणसानं नेऊन लावला आणि तिथल्या झाडांच्या मुळावर उठला. तसलंच आणखी एक काटेरी झुडूप आहे, ज्याला मैसूर रास्पबेरी म्हणतात, ते आशियातनं गेलेलं. शेळ्यांचं तर विचारू नका. खलाशांनी सोडलेल्या शेळ्यांनी कासवांचा चारा संपवला. १९९७ ते २००६ या काळात १,४०,००० च्या वर शेळ्या मारून काढाव्या लागल्या. माझा निम्मा धंदा शेळ्या जगवायचा, मला ते ऐकताना जड गेलं. पण खाण्यावाचून वाळलेलं कासव कसं दिसत असेल तेही मला कळतं. कच्चं बियाणं, फळं, शेंगा काहीही नेऊ नका.

आमच्या वेळी पार्कची फी १०० डॉलर होती, ऑगस्ट २०२४ पासून परदेशी माणसाला २०० झालीय. बेटांवर जाण्याच्या नोंदीचं २० डॉलरचं कार्ड वेगळं. मुलाला हिशोबात धरायला सांगा.

टिळकवाडी_भूगोल

डॉक्टर, तुमचं वाचून अंगावर काटा आला. मी शाळेत भूगोल शिकवते. नंदगडच्या ताईंना दगडाबद्दल थोडं सांगते, कारण पांग्यातून उतरताना ज्याच्यावर पाय पडेल तो काळा खडक त्यांच्या ओळखीचा आहे.

बेळगाव दख्खनच्या लाव्ह्याच्या दक्षिण कडेवर बसलंय. आपल्याकडं विहीर खणताना जांभ्याखाली जो काळा पाषाण लागतो तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. (गोकाकचा धबधबा ज्यावरून पडतो तो खडक वेगळा, त्याहून कितीतरी जुना.) पृथ्वीच्या पोटातली जी तप्त जागा त्या लाव्ह्याला कारण मानली जाते, ती आज मॉरिशसजवळच्या रियुनियन बेटाखाली आहे, कारण आपली जमीन तिच्यावरून उत्तरेकडं सरकत आली. गॅलापागोसखाली तशीच दुसरी तप्त जागा आहे. तिथला समुद्रतळ पूर्वेकडं सरकतो, वर्षाला काही सेंटिमीटर. म्हणून पूर्वेची बेटं म्हातारी, झिजलेली, आणि पश्चिमेची फर्नांडिना, इसाबेला कोवळी. फर्नांडिनाचा ज्वालामुखी मार्च २०२४ मध्येच फुटला होता.

नॉर्थ सेमूर सपाट का, तर तो समुद्राखाली थिजलेला लाव्हा आहे, खालून रेटा बसून वर उचलला गेलेला. ताई, वाटेवर खाली वाकून बघा. दगडात बारीक बारीक भोकं दिसतील, वाफेचे बुडबुडे अडकून राहिल्याची. यळ्ळूरच्या गडाच्या उतारावर तसला दगड मी मुलांना दाखवते. तिथला उचलू मात्र नका, खिशात खडा घालून आणायलाही बंदी आहे.

नंदगड_खानापूर

सगळ्यांचे उपकार मानते. काल रात्री यांना सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. मनगट धरायचं ते यांनी माझ्या हातावर करून बघितलं. नॉर्थ सेमूर ठरलं, मुलाला कळवलं.

डॉक्टरसाहेब, एक विचारू का? अंगणवाडीत वजनकाट्यावर मुलं तोलायची रोजची सवय. जुळ्यांतलं एक नेहमी मागं राहायचं, त्याच्या वाट्याचं आपण हातानं भरवायचं. त्यामुळं त्या लहान पिल्लाचं मनातून जाईना. त्याचं पुढं काय झालं?

आणि माझ्याकडं मेथीबरोबर ओवा, जिरंही असतं. भाजून पूड केली तर चालेल का?

यळ्ळूर_जनावरांचा डॉक्टर

ताई, परत येताना वाट त्याच बाजूनं नव्हती, ती गोल फिरून दुसरीकडनं किनाऱ्याला येते. त्यामुळं ते मी परत बघितलं नाही. जावयाच्या फोटोत आहे. डोळा उघडा आहे. त्यावरनं काही सांगता येत नाही. मी डॉक्टर आहे, खोटा धीर देणार नाही.

ओवा-जिऱ्याचं घरीच ठेवा, पूडसुद्धा. तपासणीवाल्याला ते काय आहे समजावत बसावं लागेल आणि निर्णय त्याचाच असेल. बंद पाकिटातली बिस्किटं चालतात, आम्ही तीच खाल्ली.

आणि बूट. नवे घेऊ नका, पायाला बसलेले घ्या, पण निघायच्या आठवडाभर आधी तळ उलटा करून ब्रशनं घासा, खाचांतली माती टोकदार काडीनं काढा आणि उन्हात वाळवा. मी घासले तेव्हा माझ्या बुटाच्या खाचेतनं आमच्या शिवारातला भाताचा तूस निघाला होता, आणि त्याला चिकटून गवताचं एक बी.